फिरते घर आणि समुद्रातली बेटे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला बाहेरगावच्या कोणी विदुषी येतात आणि आपल्याला चार गोष्टी सांगून जातात. यंदा चिटणीसबाईंनी ठरविले की मंडळातल्याच एकीने बोलावे, आणि ती माळ त्यांनी माझ्या गळ्यात घातली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचे काही माझ्याकडून ऐकावयास मिळेल अशी आशा धरू नका. २०२५ च्या जानेवारीअखेर, संक्रांतीचे वाण लुटून झाल्यावर, आम्ही घरची पाच माणसे कोकणच्या किनाऱ्याकिनाऱ्याने आठ दिवस फिरून आलो. ती हकिगत मी सांगणार आहे. मात्र नुसती मौज सांगून खाली बसणार नाही. शेवटी मंडळापुढे एक मागणे मांडणार आहे, ते आधीच सांगून ठेवते.

आम्ही गेलो ते एसटीने नव्हे, आणि कुठल्या लॉजमध्येही उतरलो नाही. आमचे घरच आमच्याबरोबर होते. कॅराव्हॅन म्हणतात ती गाडी तुमच्यापैकी काहींनी चित्रात पाहिली असेल. आपल्या शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून हे नाव आपल्याकडेही कानावर येऊ लागले. माझ्या पुतण्याने पुण्याहून अशी एक गाडी चालकासकट भाड्याने घेतली. आत झोपण्याच्या फळ्या, हात-दोन हात रुंदीचा ओटा, त्यावर एक शेगडी, भांडी घासण्याची लहानशी मोरी, आणि कोपऱ्यात कपाटाएवढे न्हाणीघर. सासूबाईंनी आत पाऊल टाकून सगळीकडे नजर फिरविली आणि म्हणाल्या, "भातुकलीच आहे की गं ही!"

घर बरोबर आले म्हणजे घरकामही बरोबर आले, हे आपणा बायकांना कोणी सांगावयास नको. जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी विचारले, "मग आपली सहल कुठली? इथली चूल सोडून तिथली चूल!" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु या गाडीत एक गोष्ट आमच्या घरापेक्षा निराळी होती. गाडीची पाण्याची टाकी एकशेवीस लिटरची. आम्ही पाच आणि चालक सहावा. रोज टाकी भरावयास मिळाली तरी माणशी वीस लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला रोज पंचावन्न लिटर पाणी मिळावे असे माप धरले आहे. शहरात तर एकशेपस्तीस लिटर धरतात. आमच्या वाट्याला वीस! त्यात स्वयंपाक, पिणे, आंघोळ, भांडी, सारे आले.

आमच्या सासूबाई १९७२ च्या दुष्काळात सोळा वर्षांच्या होत्या. खडी फोडण्याच्या कामावर जाऊन आल्यावर दीड कोस घागर वाहिलेली बाई ती. तिने गाडीतला कारभार हाती घेतला आणि एकच कायदा केला : जो पाणी खर्चील तोच पाणी भरील. पुरुषमंडळींना हे प्रथम थट्टेचे वाटले. परंतु दुसऱ्या दिवशी आमच्या यजमानांनी दाढीसाठी नळ सोडून ठेवला, आणि संध्याकाळी दोन कॅन घेऊन दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या दिवसापासून ते पेल्यात पाणी घेऊन दाढी करू लागले. पानात वाढावयास केळीची पाने, तळण नाही, पिठले-भाकरी आणि भात. खरकटी भांडी आधी कागदाने पुसावयाची, मग धुवावयाची. पुसण्याचे काम पुतण्याकडे. जाऊबाईंना त्यांची सहल अशी मिळाली.

आता वाटेविषयी. रेवसपासून रेडीपर्यंत समुद्राच्या काठाकाठाने जो रस्ता जातो त्याला सागरी महामार्ग म्हणतात. महामार्ग म्हटल्याने फसू नका. कित्येक ठिकाणी तो गावातली गल्ली होतो, दोन्ही बाजूंनी जांभ्या दगडाचे गडगे आणि वर माडाच्या झावळ्या. आमच्या उंच गाडीला चालक अगदी मुंगीच्या पावलांनी काढी. मधूनमधून खाड्या आडव्या येतात. जिथे पूल नव्हता तिथे आमचे अख्खे घर फेरीबोटीवर चढले. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे आणि तवसाळहून जयगड, अशा चार खाड्या आम्ही बोटीने ओलांडल्या. घराच्या खिडकीतून बाहेर पाहावे आणि खाली पाणी हलत असावे, हा अनुभव शब्दांत सांगणे मला जमावयाचे नाही.

या रस्त्याची खरी शोभा म्हणजे समुद्रातली खडकाळ बेटे. रस्ता वळसा घेतो, माडांची रांग संपते, आणि पाण्यात एखादा काळा खडक उभा दिसतो, त्यावर तटबंदी. काही वेळाने दुसरा. आपण घाटावरची माणसे. आपल्याला किल्ला म्हणजे डोंगर ठाऊक. इथे डोंगराच्या जागी लाटा.

पहिली जोडी दिसली ती अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यावरून, खांदेरी आणि उंदेरी. थोरले बेट खांदेरी, धाकटे उंदेरी. शिवाजी महाराजांनी १६७९ साली खांदेरीवर तट बांधावयास घेतला. मुंबईकर इंग्रजांना आणि जंजिऱ्याच्या सिद्दीला तो डोळ्यांत सलला. दोघांनी मिळून अडवून पाहिले, पण काम थांबले नाही. तेव्हा १६८० साली सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर आपला तट उभा केला. दोन बेटे जवळजवळ, आणि एकीच्या तोफा दुसरीवर रोखलेल्या. जाऊबाई माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले. एका वाड्यातल्या दोन चुलींचा अनुभव कोणाला नाही! खांदेरीवर १८६७ सालचे दीपगृह आहे. संध्याकाळी त्याचा दिवा लागला तेव्हा सासूबाईंनी हात जोडले.

अलिबागचा कुलाबा किल्ला तर ओहोटीला चालत जाऊन पाहता येतो. इथे आम्हाला आपले पंचांग उपयोगी पडले. कोकणातली माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे. येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते, आणि पुढे सहा तासांनी ओहोटी. आम्ही होतो त्या दिवशी वद्य त्रयोदशी होती. तेरा त्रिक एकोणचाळीस, भागिले चार, म्हणजे पावणेदहाला भरती आणि चारच्या आधी ओहोटी. एकादश्या-चतुर्थ्या करणाऱ्या आपण बायकांना तिथी तोंडपाठ असते, तेव्हा हा हिशेब आपल्याला सोपा. तरी हा अंदाज झाला. पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी तिथल्या माणसाला विचारावे, आणि परत फिरण्याची वेळ त्याच्याकडूनच ठरवून घ्यावी. भरती कोणासाठी थांबत नाही.

कुलाब्याच्या तटात मोठमोठे चिरे चुन्याशिवाय एकावर एक बसविले आहेत. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर मोडतो, असे सांगतात. आत गणपतीचे देऊळ आणि शेजारी गोड्या पाण्याची पुष्करणी. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये हे गोडे! सासूबाई त्या पायरीवर बराच वेळ बसून राहिल्या. पुतण्या फोटो काढीत होता, यजमान तोफा पाहात होते. सासूबाई मात्र मला म्हणाल्या, "इथं बायका राहात असतील गं. पाण्याला कुठं जात असतील असा विचार मी मघापासून करत होते. आता उलगडलं."

तेव्हापासून आमच्या सहलीचा नूरच पालटला. प्रत्येक बेट दिसले की आम्ही आधी विचारू लागलो, इथे पाणी कुठले?

मुरूडजवळ राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यावर गेलो. जंजिरा हे नाव अरबीतल्या 'जझीरा', म्हणजे बेट, या शब्दावरून आले. सिद्दीचा हा किल्ला कोणालाही लढून घेता आला नाही. १९४८ साली ते संस्थान भारतात विलीन झाले. कलालबांगडी तोफ पाहावयास गर्दी होती. आम्ही आत जाऊन दोन मोठे गोड्या पाण्याचे तलाव पाहिले. तोफेने शत्रू लांब राहिला असेल, पण वेढा पडल्यावर आतली माणसे जगली ती या तलावांवर.

मुरूडच्या किनाऱ्यावरून समुद्रात दिसतो तो पद्मदुर्ग, ज्याला कांसा म्हणतात. जंजिऱ्याला शह देण्यासाठी महाराजांनी तो बांधला. हे काम चालू असताना तिथे रसद वेळेवर पोहोचली नाही. तेव्हा १६७५ च्या जानेवारीत महाराजांनी प्रभावळीच्या सुभेदाराला पत्र लिहून खरमरीत जाब विचारला. बेटावरच्या माणसांचे पोट किनाऱ्यावरच्या माणसाच्या हातात असते, हे त्या राजाला ठाऊक होते. पद्मदुर्गाच्या तटाचे एक नवल असे की, लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने दगड झिजले, पण त्यांच्यामधला चुना तसाच राहिला. तो मधाच्या पोळ्यासारखा पुढे आलेला दिसतो. दोन दगडांना धरून ठेवणारा चुना दगडाहून टिकाऊ निघाला. घरातल्या बाईने हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हर्णैला सुवर्णदुर्ग पाहिला तो किनाऱ्यावरून. आम्ही पोहोचलो तेव्हा मासळीचा लिलाव रंगात आला होता. होड्यांतून मासळी उतरते, वाळूवर टोपल्या मांडल्या जातात, आणि कोळिणी असा भाव बोलतात की आपल्या आठवडी बाजारातले दलाल गप्प बसावेत. मागे समुद्रात सुवर्णदुर्गाचा तट उन्हात तांबूस दिसत होता. त्या रात्री अमावास्या होती. गाडीचे दिवे मालवून आम्ही बाहेर चटई टाकली. लाटांचा आवाज आणि आभाळभर चांदण्या. यजमान म्हणाले, "एवढ्या चांदण्या आपल्या गावात लहानपणी होत्या." त्यावर कोणीच काही बोलले नाही.

पुढे गुहागर, गणपतीपुळे, आरे-वारेचा समुद्रावरून जाणारा सुंदर रस्ता, विजयदुर्ग आणि देवगड करीत आम्ही मालवणला पोहोचलो. मालवणचा सिंधुदुर्ग कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याचे बांधकाम सुरू झाले आणि सुमारे तीन वर्षे चालले. आत महाराजांचे देऊळ आहे, चुन्यात उमटलेला त्यांच्या हाताचा व पायाचा ठसा दाखवितात. आणि तीन विहिरी आहेत. नावे ऐका : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. ही नावे नक्कीच कोणा बाईने ठेवली असतील, असे सासूबाईंचे मत पडले. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात.

भर समुद्रात गोडे पाणी कसे राहते, हे मी पुतण्याकडून समजून घेतले. पावसाचे पाणी खडकाच्या फटींतून खाली मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते, दुधावर साय राहावी तसे. विहीर त्या सायीपर्यंतच पोहोचते. बेताने उपसले तर पुढचा पाऊस येईपर्यंत पुरते. हाव धरून पंपाने खेचले तर खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर बिघडते. समुद्रकाठच्या कितीतरी विहिरी अशाच खाऱ्या होतात. मैत्रिणींनो, हे ऐकले आणि मला आमची एकशेवीस लिटरची टाकी निराळी दिसू लागली. आमचे फिरते घरही एक बेटच होते. बेतानेच टिकणारे.

मालवणच्या अलीकडे एका वाडीत आमची टाकी संपत आली होती. रस्त्याला लागून एक घर, अंगणात विहीर. चालक नळी काढू लागला, तेव्हा सासूबाईंनी त्याला थांबविले. स्वतः खाली उतरल्या आणि दारातल्या बाईंना विचारले, "बाई, दोन कॅन पाणी मिळेल का?" त्या बाईंनी स्वतः रहाट ओढून पाणी काढून दिले, वर कोकमाचे सरबत दिले. पण म्हणाल्या, "काकी, आता मागतास म्हणान दितंय. मे म्हयन्यात इलास तर माकाच इकत घेवचा लागता."

मला ते खरेच वाटेना. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या माणदेशात तो पाचशेच्या आतबाहेर. सहापट पाऊस, आणि तरी उन्हाळ्यात टँकर! परंतु तेथला जांभा दगड चाळणीसारखा, उतार समुद्राकडे, आलेले पाणी चार दिवसांत निघून जाते. पाऊस किती पडला यावर भागत नाही, धरून किती ठेवला यावर भागते. समुद्रातल्या खडकावरच्या लोकांनी ते साडेतीनशे वर्षांपूर्वी ओळखले, कारण त्यांना दुसरीकडे जाण्याची सोयच नव्हती.

शेवटच्या दिवशी निवतीच्या किनाऱ्यावरून दूर समुद्रातले खडक पाहिले, त्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. तिथे दीपगृह आहे आणि खडकांतल्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेची घरटी बांधतात. ती घरटी परदेशात सूप करण्यासाठी चोरून नेली जात, म्हणून त्यांना संरक्षण द्यावे लागले. पाखराच्या थुंकीचे घर, तेही माणसाने सोडले नाही! नंतर जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतल्याची बातमी आली. त्यांतले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार आमच्याच वाटेवरचे. आता त्या वाटेला गर्दी वाढेल. म्हणून जाणाऱ्यांसाठी चार शब्द.

पावसाळ्यात जाऊ नये, बेटांवर जाणाऱ्या होड्या तेव्हा बंद असतात. जिथे परवानगी आहे तिथेच गाडी मुक्कामाला लावावी, वाळूत उतरवू नये. गाडीतले सांडपाणी आणि मैल्याची टाकी वाटेत कोठेही मोकळी करू नये; सोय असलेल्या ठिकाणीच रिकामी करावी. कचरा पिशवीत भरून परत आणावा. आमच्या आठ दिवसांत तीन पिशव्या झाल्या. आणि पाणी विचारून घ्यावे. ज्याच्या घरी आपण क्षणभर थांबलो, त्याच्या वैशाखाची आठवण ठेवावी.

आता माझे मागणे. आपल्या मंडळाच्या सभागृहाचा पत्रा तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद आहे. मी टेप लावून मोजला आहे. म्हणजे पंचावन्न चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पाचशे मिलिमीटरने साडेसत्तावीस हजार लिटर झाले. तिसरा हिस्सा वाया गेला असे धरले तरी अठरा हजार लिटर उरते. आपल्या बालवाडीत तीस मुले आहेत. आमच्या गाडीतल्या मापाने, रोज वीस लिटरप्रमाणे, तीस मुलांना महिनाभर हे पाणी पुरते. आणि आपण मार्चपासून टँकरची वाट पाहात बसतो! पत्र्याला पन्हळ आणि खाली एक टाके, एवढेच करावयाचे आहे. पहिल्या सरीचे पाणी सोडून द्यावे, पत्रा धुऊन निघतो, नंतरचे धरावे. वर झाकण असावे, म्हणजे डास होत नाहीत. पिण्यासाठी वापरताना उकळून घ्यावे.

यंदाच्या सहलीसाठी मंडळाने जी रक्कम बाजूला ठेवली आहे, तिच्यातून हे काम सुरू करावे असे माझे म्हणणे आहे. काही मैत्रिणी हिरमुसतील, हे मला ठाऊक आहे. वर्षातून एकदा उंबरा ओलांडावयास मिळतो, तोही ही बाई हिरावून घेते, असे कोणी म्हणेल. मी स्वतः फिरून आले आणि दुसऱ्यांना घरी बसा म्हणते, असेही कोणी म्हणेल. म्हणून मी सहल रद्द करा असे म्हणत नाही. टाके यंदा बांधू, आणि पुढल्या वर्षी सिंधुदुर्ग पाहावयास सगळ्या मिळून जाऊ. तोपर्यंत महिन्याला वीस-वीस रुपये बाजूला टाकू. सासूबाईंनी आपले पहिल्या महिन्याचे माझ्याजवळ आजच दिले आहेत, ते मी खजिनदारबाईंच्या हवाली करते.

हा ठराव आज मंडळापुढे यावा, त्यावर साधकबाधक बोलणे व्हावे, आणि बहुमताने जे ठरेल ते मला मान्य असेल.